आपल्या माणसांत राहिलं की कमाई खुंटते?

परदेशी गेलेल्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: आपल्याच लोकांच्या वस्तीत राहणारा मागे पडतो, तिथली भाषा शिकत नाही, कमी कमावतो. आकडे वरवर तसंच सांगतात. पण अशा वस्तीत राहायला जातं कोण? बऱ्याचदा ज्याच्यापाशी भाषा, पदवी आणि पैसा कमी, तोच. मग कमी कमाईचं खापर शेजाऱ्यांवर फोडणं हा अन्याय आहे.

स्वीडनमुळे हे नीट तपासता आलं. 1985 पासून तिथे निर्वासितांनी कुठे राहायचं हे सरकारच ठरवू लागलं, त्यामुळे ही निवड त्यांच्या हाती फारशी उरली नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कमी शिकलेल्यांची कमाई स्वकीयांच्या दाट वस्तीत उलट वाढली. मात्र वस्तीतले लोक स्वतः बरं कमावत असतील, तर फायदा जास्त.

आणि नुसती संख्या पुरत नाही. अमेरिकेत आलेल्या निर्वासितांचा अर्थतज्ज्ञ लोरी बीमन यांनी अभ्यास केला. एकाच सुमारास खूप देशबांधव आले की सगळे त्याच मोजक्या नोकऱ्यांमागे धावतात आणि काम मिळणं अवघड होतं. आधीपासून स्थिरावलेला माणूस मात्र कुठे जागा रिकामी आहे हे सांगतो, शब्द टाकतो. असे लोक जास्त असतील तिथे नव्याने आलेल्यांना काम मिळण्याची शक्यता वाढते, पगारही बरा मिळतो.

धोका आहे, पण तो वेगळा: काम पटकन मिळालं की पुढचं शिक्षण मागे पडू शकतं.