स्टुडिओत उभी राहिलेली रंगभूमी: व्हिक्टोरियन नटनट्यांच्या फोटोंची पार्श्वभूमी

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी छटेचे व्हिक्टोरियन नटनट्यांचे फोटो संग्राहक आजही आवडीने जमवतात. ते पाहताना त्या काळचं नाटकच डोळ्यांसमोर आल्यासारखं वाटतं. पण यातले बहुतेक सगळे फोटो रंगमंचावर काढलेलेच नाहीत. गॅसच्या दिव्यांच्या उजेडात, हलत्याबोलत्या पात्रांचा फोटो तेव्हा निघतच नसे. रसायन लावलेल्या ओल्या काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. म्हणून नट पोशाख घेऊन स्टुडिओत येई आणि काचेच्या छताखाली, रंगवलेल्या पडद्यापुढे आपली भूमिका नव्याने उभी करी.

या छंदाची सुरुवात पॅरिसमधली. १८५४ साली छायाचित्रकार आंद्रे दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं. व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो आता स्वस्तात आणि हव्या तितक्या प्रतींत निघू लागला. १८६० साली लंडनचे छायाचित्रकार जॉन मेयॉल यांनी राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाचे असे फोटो विक्रीला आणले आणि इंग्लंडमध्ये त्यांचं वेडच पसरलं. लवकरच घरोघरच्या अल्बममध्ये राजघराण्यासोबत नट्याही दिसू लागल्या. नाटकवाल्यांकडे तेव्हाचा प्रतिष्ठित समाज ज्या संशयाने पाही, तो लक्षात घेतला तर हा बदल मला फार मोठा वाटतो. १८६६ साली आलेलं मोठं ‘कॅबिनेट कार्ड’ रंगभूमीला अधिक मानवलं, कारण त्यात वेशभूषा आणि चेहऱ्यावरचा भाव नीट दिसे.

न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधले नेपोलियन सरोनी या कलेतले सर्वांत मोठे नाव. बैठक कशी हवी, हात कुठे, कापडाची चुणी कशी पडावी, हे ते दिग्दर्शकासारखं ठरवत. फोटो विकण्याच्या हक्कासाठी नामवंतांना ते पैसे मोजत. प्रसिद्ध फ्रेंच नटी सारा बर्नहार्टला त्यांनी १,५०० डॉलर दिल्याचं सांगितलं जातं.

जानेवारी १८८२मध्ये व्याख्यान दौऱ्यावर आलेल्या लेखक ऑस्कर वाइल्डचे फोटो सरोनींनी काढले. त्यातला एक बरो-जाइल्स या छपाई कंपनीने परवानगीविना छापला, तोही ८५,००० प्रतींत. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचं म्हणणं होतं की कॅमेरा समोरचं दिसतं तेवढंच टिपतो, त्यात कॉपीराइट मिळावा असा निर्माता, कायद्याच्या भाषेत ‘लेखक’, कुठून आला? १८८४ साली निकाल सरोनींच्या बाजूने लागला. पोशाख, पडदे, बैठक, प्रकाश आणि सावली ही त्यांची स्वतःची योजना होती, असं न्यायालयाने मानलं. रंगमंचावर फोटो काढता येत नाही म्हणून स्टुडिओत जी मांडणी करावी लागली, तिच्यामुळेच छायाचित्रकाराचा फोटोवरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, सिद्ध झाला, हे मला या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वळण वाटतं.

इंग्लंडमध्ये हा हक्क १८६२च्या कायद्यानेच आला होता. मात्र पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर हक्क सहसा काढून घेणाऱ्याचा होई. त्यामुळे प्रसिद्ध नटनट्यांचे फोटो फुकट काढून देण्यातच स्टुडिओचा फायदा होता. दावा लावायचा तर लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये, म्हणजे कॉपीराइट नोंदवण्याच्या कचेरीत, नोंद लागे. नोंदीचे हे अर्ज आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कितीतरी अर्जांना मूळ फोटोची प्रत जोडलेली आहे, आणि हातातल्या कार्डाची तारीख ठरवायला संग्राहकाला त्यांच्याइतका भक्कम आधार क्वचितच मिळतो.