कंपाइलर बूटस्ट्रॅपिंगमधील बायनरी सुसंगतता

एखाद्या भाषेचा कंपाइलर, म्हणजे त्या भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, त्याच भाषेत लिहिला, तर तो पहिल्यांदा कशाने कंपाइल करायचा? या पेचातून वाट काढण्याच्या पद्धतीला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. १९६२ साली एमआयटीमध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपाइलर लिस्पमध्येच लिहिला, हाताशी असलेल्या इंटरप्रिटरवर (कोड कंपाइल न करता थेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) तो चालवला आणि त्याच्याकडूनच त्याला कंपाइल करून घेतले. आज इंटरप्रिटरच्या जागी सहसा जुना कंपाइलर असतो: त्याने नवा घडवायचा, मग नव्याने स्वतःला. सोर्स कोडमध्ये काही चूक नसतानाही हे काम अडते, तेव्हा संशय बायनरी पातळीवर, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या यंत्रकोडवर घ्यावा.

वेगवेगळ्या वेळी कंपाइल झालेले तुकडे एकत्र चालायचे, तर आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमधून द्यायची, स्ट्रक्चरमधली फील्ड मेमरीत कुठे बसवायची, सिम्बॉलची (कंपाइल झालेल्या कोडमधल्या फंक्शन वगैरेंच्या खुणांची) नावे कशी बनवायची याचे संकेत सर्वांना एकच हवेत. या संकेतांचा संच म्हणजे एबीआय. नव्या आवृत्तीने एबीआय बदलला, की पहिल्या टप्प्यातला कंपाइलर दुहेरी होतो. तो जुन्या कंपाइलरने घडवलेला असल्यामुळे स्वतः जुन्या संकेतांनी चालतो, पण बाहेर काढतो तो कोड नव्या संकेतांचा. त्यामुळे त्याला स्टँडर्ड लायब्ररीच्या दोन प्रती लागतात: एक स्वतः चालण्यासाठी, दुसरी त्याने काढलेल्या कोडला जोडण्यासाठी. या क्षेत्रातल्या बऱ्याच अडचणी या दोन प्रतींची सरमिसळ झाल्याने येतात. दोन्हींची फाइलनावे सारखीच असतात आणि सर्च पाथमधली एक चूक पुरते.

सरमिसळ झाल्यावर लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) सिम्बॉल सापडत नसल्याची तक्रार केली, तर ते नशीबच म्हणायचे. नाव तेच आणि मेमरीतली मांडणी वेगळी असेल, तर लिंकिंग सुरळीत होते आणि प्रोग्रॅम नंतर भलतीकडेच कोसळतो. २०१५ साली जीसीसी या सी आणि सी++ च्या कंपाइलरच्या ५ व्या आवृत्तीने सी++ मधल्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली. तेव्हा नवा प्रकार वेगळ्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या वेगळ्या गटात) ठेवला गेला, म्हणजे त्याची सिम्बॉल-नावेही बदलली. जुना आणि नवा, दोन्ही प्रकार एकाच लायब्ररीत नांदू लागले आणि चुकीची जोडणी बऱ्याच अंशी लिंकिंगलाच उघडी पडू लागली.

रस्ट या भाषेने दुसरा मार्ग धरला. त्याचा स्वतःचा एबीआय आवृत्तीगणिक बदलू शकतो, म्हणून प्रत्येक कंपाइल झालेल्या क्रेटमध्ये (रस्टमधल्या कोडच्या गठ्ठ्यामध्ये) कंपाइलरच्या आवृत्तीची नोंद असते आणि न जुळणारा क्रेट सरळ नाकारला जातो. प्रोसीजरल मॅक्रो, म्हणजे कंपाइल होताना नवा कोड तयार करणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र कंपाइलरच्या पोटात लोड होऊन चालतात. ते कंपाइलर जो कोड काढतो त्याच्याशी नव्हे, तर तो स्वतः ज्या संकेतांनी चालतो त्यांच्याशी जुळावे लागतात. हा भेद नवख्यांना हमखास चकवतो.

ओकॅमल या भाषेच्या सोर्सबरोबर कंपाइलरचा बाइटकोडही (यंत्राऐवजी रनटाइम नावाच्या प्रोग्रॅमने चालवायचा कोड) साठवलेला असतो आणि तो नुकत्याच बांधलेल्या रनटाइमवर चालतो. त्यामुळे रनटाइममधले एखादे प्रिमिटिव्ह (त्यात आधीच असलेले मूलभूत फंक्शन) एकदम काढून टाकता येत नाही, कारण साठवलेला बाइटकोड ते मागत असतो. आधी नवे प्रिमिटिव्ह जुन्याच्या शेजारी घालायचे, ते वापरणारा कंपाइलर बांधून त्याचा बाइटकोड साठवायचा, आणि मगच जुने काढायचे. काम कंटाळवाणे आहे, पण एबीआयमधला कोणताही मोठा बदल असाच पचवावा लागतो: मध्ये एक अवस्था अशी हवी, जिला जुने आणि नवे दोन्ही चालते.

पडताळणीसाठी जीसीसी तीन टप्प्यांत बांधला जातो: जुन्या कंपाइलरने पहिला, पहिल्याने दुसरा आणि दुसऱ्याने तिसरा. पहिला आणि दुसरा टप्पा वेगवेगळ्या कंपाइलरांनी बनवलेला असतो, म्हणून त्यांची तुलना निरर्थक. दुसरा आणि तिसरा मात्र एकाच सोर्समधून आणि सारखेच वागायला हव्या अशा कंपाइलरांकडून आलेले असतात, म्हणून त्यांच्या ऑब्जेक्ट फाइल बाइटगणिक ताडून पाहतात. फाइलच्या सुरुवातीचे १६ बाइट तेवढे सोडतात, कारण काही फॉरमॅटमध्ये तिथे वेळेची नोंद असते. तुलना जुळली म्हणून कंपाइलर निर्दोष ठरत नाही. स्वतःचीच नक्कल करणारी चूक तिच्यातून सुखरूप सुटते.

मुळात पहिली बायनरी चालली तर पाहिजे. जुन्या जीलिबसीवर (लिनक्समधल्या सीच्या स्टँडर्ड लायब्ररीवर) बांधलेली बायनरी नव्यावर चालते, उलटे होईलच असे नाही. म्हणून बीजरूप कंपाइलर, म्हणजे बूटस्ट्रॅपिंग ज्याच्यापासून सुरू होते तो, मुद्दाम जुन्या सिस्टिमवर बांधतात. गो या भाषेचा कंपाइलर २०१५ साली १.५ आवृत्तीत सी सोडून गोमध्ये आला, तरी सीमध्ये लिहिलेली १.४ ही आवृत्ती पुढे कितीतरी वर्षे पाया म्हणून पुरली, कारण ती बांधायला सी कंपाइलर पुरतो. २०२३ मधल्या १.२० आवृत्तीने ही किमान अट १.१७ वर नेली.

नव्या प्रोसेसरसाठी बीजच नसते. तिथे दुसऱ्या यंत्रावरून क्रॉस-कंपाइल करतात, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठीचा कोड काढतात. त्यातला नेहमीचा सापळा असा, की कंपाइलरच्या कोडमध्ये कुठेतरी पॉइंटरचा आकार तो ज्या यंत्रावर चालतो त्यावरून घेतलेला असतो. ३२ बिटांच्या यंत्रावरून ६४ बिटांसाठी कोड काढताना तोच आकडा मांडणीत शिरतो. बीज ६४ बिटांच्या यंत्रावरच बांधले, तर हा दोष मुळीच दिसत नाही.