यूपीआय

मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची भारतीय व्यवस्था. पूर्ण नाव युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांनी ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत तिचा प्रारंभ केला.

त्याच वर्षीच्या नोटाबंदीने तिला रेटा मिळाला. पण ती रुजली क्यूआर कोडमुळे. भाजीच्या गाडीवर तराजूशेजारी एक छापील कागद चिकटवला की झाले, कार्डाचे मशीन नको. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यांवरचे शुल्कही गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार १०० कोटींवर गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. पैसे दिल्याची खोटी स्क्रीन दाखवून सटकणारेही आले, म्हणून ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स गाडीवर आला.

नोंदवलेले सिम असलेला फोन आणि चार किंवा सहा आकडी पिन, दोन्ही जुळल्याशिवाय सहसा पैसे हलत नाहीत. (यूपीआय लाइट या छोट्या रकमांसाठीच्या सोयीत पिन लागत नाही.) त्यामुळे ठग यंत्रणेच्या वाटेला फारसा जात नाही, माणसाला गाठतो. कुणी जुने कपाट विकायला काढते. गिऱ्हाइकाचा फोन येतो, ‘ॲडव्हान्स पाठवलाय, पिन टाका म्हणजे जमा होईल.’ स्क्रीनवर आलेली असते पैशांची मागणी. पिन टाकताच खात्यातूनच रक्कम जाते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. व्यक्ती-व्यक्तींमधली ही ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. ते फार आधी व्हायला हवे होते.

दुकानाच्या क्यूआरवर दुसराच क्यूआर चिकटवणे, पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटके’ची भीती घालणे हे प्रकार सुरूच आहेत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक आणि ग्राहक दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. पण निष्काळजीपणे पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. घाबरवून किंवा बोलण्यात गुंतवून पिन काढून घेतलेल्या वृद्धाला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

चोरलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या परक्या खात्यांतून झपाट्याने फिरवली जाते. ती वाटेत गोठवता यावी म्हणून १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी असावा. ॲपमधल्या त्या व्यवहाराच्या तपशिलात तो सापडतो.