‘ऑल सोल्स’ मालिका घरी नेण्याआधी
आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी, दांडिया बाजार, बडोदे

विच आणि व्हँपायर हे शब्द मलपृष्ठावर दिसले की आमचे काही सभासद पुस्तक तसंच फळीवर ठेवतात. काही जण दुसरा खंड आधी उचलतात, कारण तो राणी एलिझाबेथच्या काळातला आहे असं त्यांनी ऐकलेलं असतं, आणि आठवड्याने “काही संदर्भच लागत नाही हो” म्हणत परत आणतात. दोन्हींत वाचकाचं नुकसान आहे आणि आम्हाला त्याची चुटपूट लागते. डेबोरा हार्कनेस यांची ही कादंबऱ्यांची मालिका आम्ही मनापासून सुचवतो, म्हणून हे पत्रक.

आधी क्रम. मूळ कथा तीन खंडांची आहे, 2011, 2012 आणि 2014 साली आलेली. 2018 आणि 2024 मध्ये आलेली पुस्तकं त्यानंतरच घ्या. पहिला खंड सुरुवातीला संथ वाटतो. नायिका ग्रंथालयात जाते, चहा पिते, नदीत होडी वल्हवते, पुन्हा ग्रंथालयात जाते. ही पानं गाळू नका. पुढे ज्या गोष्टींचा उलगडा होतो त्या इथेच पेरलेल्या आहेत.

नायिका डायना बिशप ही किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येच्या, इतिहासाची अभ्यासक आणि जन्माने विच. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ती ‘अ‍ॅशमोल 782’ हे हस्तलिखित मागवते, ते तिच्या हाती येतं आणि तिथून सगळं सुरू होतं. मॅथ्यू क्लेअरमाँट हा पंधराशे वर्षं जगलेला व्हँपायर आहे आणि आजच्या काळात जनुकशास्त्रज्ञ. कथेतलं याहून जास्त इथे सांगत नाही.

त्या हस्तलिखिताबद्दल मात्र सांगायला हवं. इलायस अ‍ॅशमोल (1617–1692) हा खराखुरा संग्राहक होता, त्याची हस्तलिखितं बॉडलियनमध्ये आहेत आणि 782 क्रमांकाचं हस्तलिखित तिथून खरोखरच गहाळ आहे. लेखिका स्वतः विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक. हरवलेल्या एका क्रमांकाच्या रिकाम्या जागेत त्यांनी अख्खी मालिका बसवली.

बॉडलियन 1602 साली उघडलं. तिथे वाचकाला ग्रंथालयात आग किंवा ज्योत आणणार नाही अशी शपथ घ्यावी लागते, आणि पुस्तक बाहेर नेता येत नाही. 1645 साली खुद्द राजा पहिल्या चार्ल्सने एक पुस्तक मागितलं, तेही दिलं गेलं नाही. आपल्या बडोद्याची परंपरा याच्या अगदी उलट. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, आणि पेट्यांत भरलेली पुस्तकं गावोगावी जाऊ लागली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी फडताळांमधल्या काचेच्या जमिनीवर उभं राहून पाहिलं असेल, तर पहिल्या खंडातला ग्रंथालयाचा दबका उजेड तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

आता किमया. या मालिकेचा खरा गाभा तोच, आणि वाचक अडतात तेही तिथेच. चित्रांत हिरवा सिंह सूर्य गिळताना दिसतो, राजा-राणीचं लग्न लागतं. ही चित्रं म्हणजे प्रयोगशाळेतल्या कृती. हिरवा सिंह म्हणजे धातू विरघळवणारं तीव्र द्रव्य, सूर्य म्हणजे सोनं. राजा म्हणजे गंधक आणि राणी म्हणजे पारा. आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्रातही पारा आणि गंधकाची अशीच जोडी आहे, पण तिथे पारा शंकराचा आणि गंधक पार्वतीचं. म्हणजे तिकडे जे पुरुषतत्त्व, ते इकडे स्त्रीतत्त्व! हे एवढं ध्यानात ठेवून लग्नाच्या चित्रांची वर्णनं वाचा. वैद्यकी चालत आलेल्या घरातल्या आमच्या एक सभासद काकू ही पानं वाचून दुसऱ्याच दिवशी काउंटरवर आल्या आणि अर्धा तास उभ्यानेच पारा मारण्याच्या, म्हणजे त्याचं भस्म करण्याच्या, कृती सांगत राहिल्या.

दुसऱ्या खंडात कथा 1590 सालात जाते. त्या वर्षी आपल्याकडे पैठणला एकनाथ महाराज हयात होते. 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठभेद ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली होती. जुन्या प्रती जमवणं, ताडणं, जपणं हे वेड त्या काळी दोन्हीकडे होतं. लंडनजवळ मॉर्टलेक इथे गणिती आणि ज्योतिषी जॉन डी यांचा मोठा ग्रंथसंग्रह होता, तर प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ किमयागारांना आश्रय देत होता. तारखांची गंमतही लक्षात घ्या. प्राग ज्या राज्यात होतं त्या बोहेमियाने 1584 साली नवं ग्रेगोरियन पंचांग घेतलं, इंग्लंडने थेट 1752 साली. त्यामुळे लंडन सोडून प्रागला पोचलेल्या माणसाची तारीख दहा दिवस पुढे गेलेली असे. शेजाऱ्यांचं नवं वर्ष दिवाळीनंतर आणि आपलं पाडव्याला, यात वाढलेल्या बडोदेकरांना हे जड जाऊ नये.

खरं कोण आणि कल्पित कोण, हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या खंडाच्या शेवटी पात्रांची यादी आहे, तीत इतिहासाला ठाऊक असलेल्या माणसांपुढे तारा छापला आहे. ती यादी वाचताना उघडी ठेवा. तरीही कादंबरीतला ख्रिस्तोफर मार्लो लेखिकेचा आहे, हे विसरू नका. खऱ्या नाटककाराला 1593 साली डेप्टफर्डला भोसकून मारलं गेलं.

शब्दांबद्दल एक विनंती. व्हँपायरला वेताळ म्हणू नका. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो. इथले व्हँपायर दिवसाउजेडी हिंडतात, एक तर योगासनांच्या वर्गालाही जातो. ‘डीमन’ म्हणजे राक्षस नव्हे, इथे ती प्रतिभावान आणि अस्वस्थ माणसं आहेत. आणि ‘विच’साठी ‘डाकण’ हा शब्द तर मुळीच वापरू नका. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली विच असल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं, त्यांत पहिली ब्रिजेट बिशप, 10 जूनला. डायना तिच्याच वंशातली दाखवली आहे. आपल्याकडे तो शब्द लावून आजही बायकांना मारहाण होते. 2024 साली गुजरातला काळ्या जादूच्या नावावरच्या अमानुष प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला. घरातल्या मुलांनी विचारलं तर हे त्यांना जरूर सांगा. मालिका मात्र प्रौढांसाठी आहे, सोळाच्या आतल्या मुलांना आम्ही देत नाही.

प्रत्येक खंड पाचशेच्या वर पानांचा आहे, म्हणून मुदत नेहमीच्या पंधरा दिवसांऐवजी तीन आठवडे ठेवली आहे. तिन्ही खंड एकदम देत नाही, पण पहिला परत करताना दुसरा तुमच्या नावाने बाजूला काढलेला असेल. त्यात पुठ्ठ्याची एक लांब खूण आहे, यादीतली नावं कशी उच्चारायची ते तिच्यावर देवनागरीत लिहिलं आहे. पुस्तकाबरोबर ती खूणही परत आणा. एकच आहे, हाताने लिहिलेली.