पार्श्वभूमी: नाताळबाजारांच्या जलसफरीमागचा कालवा

ॲम्स्टरडॅमहून निघून ऱ्हाइन, माइन आणि डॅन्यूब या नद्यांवरून न्यूर्नबर्ग, रेगेन्सबुर्ग, पासाउ, व्हिएन्ना करत बुडापेस्टला पोहोचणाऱ्या डिसेंबरच्या सफरींची माहितीपत्रकं मध्ययुगाचे फार गोडवे गातात. बाजार जुने आहेत, यात वाद नाही. व्हिएन्नातल्या डिसेंबरच्या बाजाराचं मूळ 1296 पर्यंत नेलं जातं, ड्रेस्डेनच्या बाजाराची परवानगी 1434 ची, स्ट्रासबर्गचा बाजार 1570 चा. पण 'सर्वात जुना बाजार आमचाच' या चढाओढीत फारसा अर्थ नाही. बाउत्सेनला 1384 मध्ये मिळालेली सनद नाताळपर्यंत शनिवारी मांस विकण्याची होती. स्ट्रासबर्गचा बाजार तर प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांचा संत निकोलसच्या नावावर आक्षेप होता म्हणून बाळ येशूच्या नावाने नव्याने भरवला गेला.

न्यूर्नबर्गच्या बाजाराचा सर्वात जुना पक्का पुरावा म्हणजे 1628 साल लिहिलेली एक लाकडी पेटी. आज तो बाजार ज्या मुख्य चौकात भरतो, तिथून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हलवला गेला होता. 1933 मध्ये नाझी नगरप्रशासनाने तो वाजतगाजत परत आणला आणि सज्जातून बाळ येशूच्या वेशातल्या तरुणीने उद्घाटन करण्याची प्रथाही तेव्हाच सुरू केली. युद्धानंतर 1948 मध्ये बाजार पुन्हा भरला, उद्घाटनासाठी नवं काव्य लिहिलं गेलं आणि 1969 पासून शहरातल्या मुलींमधून दर दोन वर्षांनी एकीची निवड होऊ लागली. 'शतकानुशतकांची परंपरा' म्हणून पर्यटक ज्या क्षणाचे फोटो काढतात, तो क्षण इतका अलीकडचा आहे. हे प्रवाशांना सांगायला हवं आणि बहुतेकदा सांगितलं जात नाही.

पण या सफरींचा खरा इतिहास बाजारांपेक्षा माइन आणि डॅन्यूब जोडणाऱ्या कालव्याचा आहे. ऱ्हाइनचं पाणी उत्तर समुद्राला जातं आणि डॅन्यूबचं काळ्या समुद्राला. मध्ये जलविभाजक, म्हणजे दोन्हींकडचं पाणी वेगळं करणारा उंचवटा आहे, तो ओलांडायचा प्रयत्न 793 मध्ये फ्रँकांच्या राजाने करून पाहिला. 1846 मध्ये बव्हेरियाच्या राजाचा कालवा सुरू झाला. त्याला 100 जलपाशं (बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद) होती आणि बोटी छोट्या. रेल्वेपुढे त्याचा टिकाव लागला नाही आणि 1950 मध्ये तो अधिकृतपणे बंद झाला.

आजच्या कालव्यासाठीचा मूळ करार 1921 चा. बाम्बर्ग ते न्यूर्नबर्ग हा टप्पा 1960 ते 1972 या काळात पूर्ण झाला. पुढचा टप्पा अल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातून डॅन्यूबकाठच्या केल्हाइमला जायचा होता आणि तिथे वाद पेटला. ही वळणावळणाची, काठच्या कुरणांत पसरणारी संथ नदी होती. तिच्या शेवटच्या तीसेक किलोमीटरांचा जलमार्ग करायचा म्हणजे वळणं कापायची, पात्र रुंद करायचं आणि पाणी अडवायचं. त्यातच मार्च 1979 मध्ये न्यूर्नबर्गच्या दक्षिणेला कात्स्वांग इथे नव्या कालव्याचा बांध फुटला. पाणी वस्तीत घुसलं, घरं वाहून गेली आणि एका लहान मुलीचा जीव गेला. तोवर विरोध निसर्गप्रेमींपुरता होता. आता खर्चाचे आणि सुरक्षेचे प्रश्नही उघडपणे विचारले जाऊ लागले. केंद्रीय वाहतूक मंत्र्यांनीच या प्रकल्पाची तुलना बायबलमधल्या अर्धवट राहिलेल्या बाबेलच्या मनोऱ्याशी केली आणि 1982 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने अंग काढून घ्यायचं ठरवलं. बव्हेरियाने 1966 च्या खर्चवाटपाच्या कराराचा आधार घेऊन ठाम विरोध केला. त्याच वर्षी शरद ऋतूत बॉनमधलं (तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीतलं) केंद्र सरकार बदललं आणि काम पुढे चालू राहिलं.

अर्धा कालवा बांधून झाला आहे, आता थांबणं म्हणजे पैसा पाण्यात, हा समर्थकांचा मुद्दा होता. तो मला कधीच पटलेला नाही. अशा हिशेबाने कुठलाच चुकीचा प्रकल्प थांबवता येणार नाही. 25 सप्टेंबर 1992 ला कालवा खुला झाला. लांबी 171 किलोमीटर, जलपाशं 16, सर्वोच्च टप्पा समुद्रसपाटीपासून 406 मीटरवर. दोन्ही समुद्र जोडणारी मालवाहतूक युरोपचं चित्र बदलून टाकेल अशी भाषणं झाली, पण माल अपेक्षेइतका कधी आलाच नाही. अल्टम्यूलच्या काठी नवी पाणथळं आणि उथळ जागा तयार करण्यावर बराच खर्च झाला, तरी मूळची नदी गेली ती गेलीच.

फायदा झाला तो प्रवासी बोटींचा. 1992 पूर्वी ऱ्हाइनवरच्या मोठ्या प्रवासी बोटीला डॅन्यूबमध्ये जायला वाटच नव्हती. तिकडे व्हिएन्नाच्या पुढे पोलादी पडदा, म्हणजे साम्यवादी देशांची बंद सीमा होती, तीही 1989 मध्ये उघडली. तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन गोष्टींमुळे ॲम्स्टरडॅम ते बुडापेस्ट ही सफर शक्य झाली. बोटीची मापंही कालव्यानेच ठरवली. जलपाशाची रुंदी 12 मीटर, म्हणून बोट साधारण 11.4 मीटर. हिल्पोल्टस्टाइनच्या जलपाशात बोट शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत जागा उरते, केबिनच्या खिडकीसमोर ओली काँक्रीटची भिंत येते आणि बोट जवळजवळ 25 मीटर वर चढते किंवा खाली उतरते. पूल ठेंगणे असल्यामुळे सुकाणूघर खाली घेता येतं आणि छतावरच्या खुर्च्या, कठडे आडवे करावे लागतात.

नाताळबाजारांच्या सफरी त्यानंतरच्या. नदीवरचा हंगाम पूर्वी शरदात संपायचा आणि बोटी हिवाळाभर बांधून ठेवल्या जायच्या. नाताळबाजारांमुळे त्यांना आणखी चार आठवडे मिळाले. बोट न्यूर्नबर्गमध्ये लागते ती गावाबाहेरच्या कालव्यावरच्या बंदरात आणि चौकापर्यंत बसने जावं लागतं. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शाळांची नाताळची सुट्टी सुरू होते तोवर जर्मनीतले बहुतेक बाजार उठलेले असतात. न्यूर्नबर्गचा 24 डिसेंबरच्या दुपारी संपतो.

गेल्या दहा वर्षांत तीन गोष्टी या सफरींच्या मुळावर आल्या. पहिली, पाणी. ऑक्टोबर 2018 मध्ये ऱ्हाइनवरच्या काउब इथल्या पाणी मोजायच्या पट्टीवर पातळी 25 सेंटीमीटरपर्यंत उतरली होती. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा भाग अजून मोकळा वाहतो. तिथे धरण न बांधण्याचा निर्णय बव्हेरियाने 2013 मध्ये घेतला, त्यामुळे पाणी कमी झालं की प्रवाशांना बसने पुढच्या बोटीवर न्यावं लागतं. अल्टम्यूलचं काय झालं ते पाहिल्यावर ही अडचण सोसायला हरकत नाही. दुसरी, सुरक्षा. बर्लिन 2016, स्ट्रासबर्ग 2018 आणि माग्डेबुर्ग 2024 या हल्ल्यांनंतर बाजारांच्या तोंडाशी काँक्रीटचे अडथळे आले आणि त्यांचा खर्च कोणी उचलायचा यावर गावोगावच्या नगरपालिका भांडत आहेत. तिसरी, गर्दी. ॲम्स्टरडॅमने नदीवरच्या सफरींच्या बोटींची संख्या 2028 पर्यंत निम्म्यावर आणायचं 2024 मध्ये जाहीर केलं. तसं झालं तर अनेक सफरींचं पहिलं बंदर बदलावं लागेल.