निकालपत्रातले नाव आणि एका स्पष्टीकरणाचा प्रवास

न्यायालयाचे दप्तर कधी कुलपात नव्हते, वाट मात्र बिकट होती. खटल्याशी संबंध नसलेल्याला नक्कल हवी असेल तर नक्कल विभागात अर्ज, त्यात कारण, बऱ्याच उच्च न्यायालयांत सोबत प्रतिज्ञापत्र आणि वर शुल्क. घटस्फोटाचा निकाल शेजाऱ्याच्या हाती पडत नसे तो या कटकटीमुळे. उच्च न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय असताना माहिती अधिकारातून ही वाट चुकवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवले. तोवर निकालपत्रे संकेतस्थळांवर फुकट मिळू लागली होती.

नाव झाकण्याचे कायदेशीर बंधन मुळातच अरुंद. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले: बलात्कारपीडितेची ओळख छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. गुंता झाला तो कलमाच्या शेवटी जोडलेल्या स्पष्टीकरणामुळे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापणे ‘या कलमाच्या अर्थानुसार’ गुन्हा नाही, असे ते सांगते. तेव्हा निकाल छापले जात ते जाडजूड खंडांत, आणि ते खंड वकिलांच्या कपाटात राहत. सूट बिनधोक वाटली. सत्र न्यायालयाच्या निकालाला ती नव्हतीच. आज तोही अपलोड होतो, हे अपलोड करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात नसते.

सूट असली तरी निकालात नाव लिहू नये, ‘पीडिता’ म्हणावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सुचवले. डिसेंबर २०१८ मध्ये आणखी कडक निर्देश आले: नावच काय, ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायचा नाही. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या कलमाचे दोन तुकडे झाले. ओळख उघड करणे कलम ७२ मध्ये गेले, परवानगीशिवाय कामकाज छापणे ७३ मध्ये. स्पष्टीकरण ७३ च्या पदरात पडले. शब्द तेच, पण ‘हे कलम’ आता निम्मे. मग पीडितेचे नाव असलेल्या निकालाला ७२ खाली सूट उरली का? शब्दशः वाचले तर नाही. इतका मोठा बदल मुद्दाम कुणी असा गुपचूप करत नाही. ही कात्रीची चूक वाटते. पण न्यायालयाला वाचायचे आहे ते छापलेले कलम.

प्रत्यक्ष झाकताना होणाऱ्या चुका ठरलेल्या. शीर्षकात ‘एक्स वाय झेड’ लिहिले जाते आणि साक्षीच्या उताऱ्यात नाव तसेच राहते. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढतात, पण खाली मजकूर शाबूत असतो. ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की नाव हजर. मूळ फाइलीतून शब्दच काढून मग नवी पीडीएफ करावी लागते. नाव गेले तरी वडिलांचे नाव, शाळा, गाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक उरतात. लहान गावात यांतले एकही पुरते. रोजनामा (म्हणजे तारखेनिहाय कामकाजाची नोंद) आणि जामिनाचे आदेश वेगळ्या फाइलींत असतात, त्या तपासायच्या राहून जातात. सुधारित प्रत चढवली तरी खासगी निकाल-संकेतस्थळांनी आधी उतरवून घेतलेली प्रत तिथेच राहते.

निर्दोष सुटलेल्याला असे कलमच नाही. न्यायालयीन दप्तरात एकदा आलेल्या बाबीवर खासगीपणाचा दावा चालत नाही, हे १९९४ पासूनचे सूत्र, अपवाद लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचा. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर त्या सूत्रावर धडका सुरू झाल्या. मद्रासमध्ये निर्दोष सुटलेल्या एकाने निकालातले आपले नाव झाकण्याची मागणी केली. एकल न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये ती फेटाळली. खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव झाकायला आणि एका खासगी संकेतस्थळाला तो निकाल काढून टाकायला सांगितले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.