क्रोमबुक घ्यायचं? आधी स्वतःचा पेन ड्राइव्ह उघडून बघा

दुकानात शेजारी शेजारी दोन लॅपटॉप मांडलेले असतात. दोन्ही 14 इंची, दोन्हींत 4 जीबी रॅम, किंमतही जवळपास सारखी. एकावर विंडोज असतं, दुसरं क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएस या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप. विक्रेता म्हणतो, ‘‘सगळं सेम आहे हो, फक्त हे क्लाउडवर चालतं.’’ एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक क्लाउडची. क्रोमबुकाला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःचं स्टोअरेज असतं आणि काम तिथेच होतं. खऱ्या अर्थाने क्लाउडवरचा कॉम्प्युटर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं विंडोज 365 किंवा जिओपीसी. तिथे कॉम्प्युटर दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असतो, आपल्यासमोर फक्त त्याचं चित्र येतं. नेट गेलं की चित्रही गेलं. क्रोमबुकाचं तसं नाही. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात, साडेसहा किलोमीटर रेंजच्या नावाने शून्य असतानाही, गूगल डॉक्समधला लेख लिहिता येतो. मात्र त्या फाइलची ऑफलाइन सोय घरूनच सुरू करून निघायला हवं. बोगद्यात शिरल्यावर आठवून उपयोग नाही.

दुसरी चूक ‘सगळं सेम’ची, आणि पैसे वाया जातात ते हिच्यामुळे. क्रोमबुकावर विंडोजची सॉफ्टवेअर्स, म्हणजे .exe फाइल्स, चालत नाहीत. टॅली बसवता येत नाही, कोरलड्रॉ नाही, पेजमेकर नाही. टेंडर किंवा रिटर्न भरण्यासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजसाठीच बनवलेलं असतं. या यादीतलं एक जरी रोजच्या कामात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, विंडोजचाच लॅपटॉप घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे आणि तो कुठलाही विक्रेता दाखवत नाही. नवीन मजकूर टाइप करायला अडचण नाही, युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर आणि वेबवर सगळीकडे सारखंच दिसणारं मराठी, क्रोमबुकावर व्यवस्थित उमटतं. प्रश्न जुन्या फाइल्सचा आहे. श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव यांच्या जुन्या फॉण्टमध्ये जे टाइप केलं, ते फाइलमध्ये मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉण्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉण्ट नसेल तर दिवाळी अंकाचा अख्खा लेख ‘´ÖÖ—Öß’छाप गचाळा होऊन समोर येतो. विंडोजवर फॉण्ट टाकला की पाच मिनिटांत सुटका. क्रोमओएसमध्ये असा हवा तो फॉण्ट सगळ्या मशीनसाठी बसवायची साधी सोय नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. म्हणून म्हणतो, खरेदीआधी आपल्या पेन ड्राइव्हमध्ये काय काय आहे ते एकदा बघा.

पेन ड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर क्रोमबुकाची खरी मजा इथेच सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी दिलेला पेन ड्राइव्ह परत येताना व्हायरस घेऊन येतो, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. हा अनुभव कुणाला नाही? क्रोमबुकाला तो व्हायरस म्हणजे न उघडणारी आणखी एक फाइल. शिवाय सिस्टिमच्या दोन प्रती मशीनमध्येच असतात. एक चालू असताना दुसरीवर अपडेट बसतं आणि रीस्टार्ट केलं की दोघींची अदलाबदल होते. ऐन मीटिंगच्या वेळी ‘कृपया बंद करू नका’ची टक्केवारी मोजत बसावं लागत नाही. 4 जीबी रॅमवर विंडोज 11 धापा टाकतं. तेवढ्याच रॅमवर क्रोमबुक ब्राउझरचं काम बऱ्यापैकी ओढतं, अर्थात चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांनी तिथेही जपून.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ‘डाउनलोड्स’मधल्या फाइल्स आपोआप गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन साठ्यात, जात नाहीत. मशीन रीसेट केलं तर त्या गेल्याच. आणि गूगलची मोफत 15 जीबी जागा जीमेल आणि फोटोंसह सगळ्यांत मिळून आहे. लग्नाचा एक अल्बम ती भरून टाकतो.

दुसरी गोष्ट तारखेची. 2023 मध्ये गूगलने क्रोमबुकांना 10 वर्षं अपडेट्स द्यायचं जाहीर केलं. पण ही वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म, म्हणजे आतली मूळ हार्डवेअर रचना, बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही बिल केलं त्या दिवसापासून नाही. सेकंडहँड किंवा सेलमधलं घेताना सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’ उघडून अपडेट्स कधी संपणार ते बघून घ्या.

कीबोर्डचं किरकोळ आहे. कॅप्स लॉकच्या जागी बहुधा सर्चची की असते आणि बऱ्याच मॉडेल्सवर डिलीटची की नसतेच. सर्च आणि बॅकस्पेस एकत्र दाबायचं. आठवडाभर बोटं चुकतात, मग बसतात.

आणि नवीन काही विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करता येतो. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे विंडोज 11 न झेपणारा इंटेल किंवा एएमडीचा एखादा लॅपटॉप घरात पडून असेलच. किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे साध्या लॅपटॉपवर चालणारं मोफत क्रोमओएस, टाकायचं आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करायचा. आतल्या विंडोजला हात न लावता ते चालवून बघता येतं, फक्त ‘इन्स्टॉल’ दाबायचं नाही, नाहीतर जुना डेटा पुसला जाईल. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नाही आणि पेन ड्राइव्हवरून वेगही कमीच मिळतो, पण रोजचं काम ब्राउझरमध्ये भागतंय का हे कळायला तेवढं पुरतं. मी पंधरा दिवस तसेच काढले. पंधरापैकी दोनदा विंडोजमध्ये परत जावं लागलं, दोन्ही वेळा श्रीलिपीतल्या जुन्या फाइलसाठी. आता क्रोमबुक टेबलावर असतं आणि जुना लॅपटॉप कपाटात, त्या फाइलींसकट.